दोन टाके जास्तीचे

"आई, हात लावायचा नाही," सून म्हणाली आणि मास्तरणीचा पुढे गेलेला हात हवेतच राहिला.

मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. अंगात शर्ट होता, पण पुढून सताड उघडा, आणि उजव्या हाताची बोटं गळ्याखालचं बटण धरू पाहत होती. बटण निसटायचं, मास्तर पुन्हा धरायचे, पुन्हा निसटायचं. समोर स्टुलावर सून बसलेली, शेजारी चहाचे कप बशीने झाकलेले. नियमच तसा केला होता तिने. आधी शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावायची, मग चहा. रोज. अंगात कणकण असो, पाहुणे येऊन बसलेले असोत, यात बदल नाही.

मास्तरीण दारात उभी राहून बघत होती. हे काय काम होतं? ती असती तर खालपासून वरपर्यंत सटासट बटणं लावून, कॉलर बसवून, वर खांद्यावरचा केस झटकून मोकळी झाली असती. वर्षभर तेच तर केलं होतं तिने. पण आता या घरात तिच्या हाताला मनाई होती, आणि मनाई करणारी कोण, तर जिला सकाळी उठवायला दोन हाका आणि एक भांडं आपटावं लागतं ती.

मास्तर म्हणजे टेलर. रस्त्यावरच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून ती मास्तरीण. शाळेशी तिची ओळख जेमतेमच, पण मास्तरीणबाई म्हणून कोणी हाक मारली नाही तर ती वळून बघायची नाही. दुकानातली वाटणी ठरलेली. कापणं मास्तरांचं, शिवणं मास्तरांचं, काजं तिची. हाताने शिवलेली काजं, बटणांची घरं. मशीनचं काज म्हणजे दात पडलेलं तोंड, असं तिचं मत होतं आणि ते ती मशीनवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची. गिऱ्हाईक नवा शर्ट घालून आरशात बघायचं आणि मास्तरांच्या कापणीची तारीफ करायचं. काजाकडे कोण बघतं? चांगलं काज दिसतच नाही. दिसतं ते बिघडलेलं.

मग मागच्या वर्षी मास्तरांचं उजवं अंग गेलं. पाय हळूहळू फरफटत का होईना चालू लागला, जड झालेल्या जिभेला एकेक शब्द सापडू लागला, हात मात्र मांडीवर परक्याचा असावा तसा पडून राहिला. मशीनवर चादर आली. मास्तरीण रडली नाही. तिने पदर खोचला आणि नवरा हातात घेतला. दाढी तिने केली, घास तिने भरवला, बटणं तिने लावली. बघायला येणारे म्हणायचे, मास्तरीण आहे म्हणून मास्तर आहेत. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं, तरी दर वेळी ते तिला नव्याने गोड लागायचं. खरं सांगायचं तर सगळं आयुष्य तो माणूस कापडाचा, खडूचा आणि गिऱ्हाइकांचा होता. आजारपणाने तो तिच्या वाट्याला आला. असं मनात यावं याची तिला लाज वाटायची, पण यायचं थांबत नव्हतं.

आणि आता मध्येच ही सून.

सुनेची कीर्ती काय वर्णावी. कुंडीत रोप लावलं की रोपाने आपलं पाणी आपण शोधावं. नवऱ्याला स्वेटर विणायला घेतला तो एका बाहीवर येऊन थांबला. आता त्या स्वेटरसाठी एका हाताचा माणूस शोधावा लागेल, असं मास्तरीण येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची. मास्तरांचा हात गेल्यावर तिने तो विनोद बंद केला, पण मत बदललं नाही. मुलगा मालाच्या गाड्यांवर, महिन्यातले थोडे दिवस घरी. सून दुपारनंतर एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. तिथे व्यायाम करवून घेणाऱ्या बाईशी तिची गट्टी जमली आणि एक दिवस ती सांगत आली की हात अजून गेलेला नाही, झोपलाय. मोठं काही करायचं नाही, एकच छोटी गोष्ट धरायची, ती रोज त्याच वेळी करायची आणि काही झालं तरी चुकवायची नाही.

"नव्याचे नऊ दिवस," मास्तरीण समोरच्या इस्त्रीवालीला म्हणाली होती. "दहाव्या दिवशी हीच झोपलेली सापडेल."

दहावा दिवस आला आणि गेला. सून उठत होती. डोळे अर्धे मिटलेले, केसांचं घरटं झालेलं, पण स्टुलावर हजर. घरातलं दुसरं एक काम तिने वेळेवर केलं असेल तर शपथ. दूध उतू जायचं, कपडे दोरीवरच कडक व्हायचे. मास्तरीण मनात म्हणायची, एवढी चिकाटी होती तर ती कुठे दडवून ठेवली होती बये? आणि बाहेर काढलीस ती नेमकी माझ्याच ताटातलं उचलायला?

पण सगळ्यात जास्त झोंबायचं ते हसणं. सून त्या बटणाशी बोलायची. याला राग आलाय बघा बाबा, हा काही आज आत जात नाही, तुम्ही त्याला जरा गोडीत घ्या. आणि मास्तर हसायचे. अर्धं तोंड हलायचं, अर्धं नाही, तरी ते हसणंच होतं. मास्तरीण स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ते ऐकायची आणि भांड्याचा तळ घासून घासून पातळ करायची. वर्षभर तिने त्या माणसाला लहान मुलासारखं जपलं, एकदा तरी असा हसला होता का?

मग एका सकाळी सून ओरडतच बाहेर आली. सगळी बटणं लागली होती. गळ्यापासून खालपर्यंत, एकही न चुकता. तिने इस्त्रीवालीला रस्त्यापलीकडून बोलावून आणलं. इस्त्रीवालीने मास्तरांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि गहिवरून म्हणाली, "मास्तरीणबाई, नशीब काढलंत हो. सून नाही, लेक मिळाली."

मास्तरीण म्हणाली, हो ना. चहा गार झाला असेल, गरम करते म्हणाली. आणि चहा गरम करताना तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून मास्तरांनी तिला एकदाही हाक मारलेली नाही.

त्याच दुपारी सून कामावर गेल्यावर तिने दोरीवरचे शर्ट काढून आणले. मास्तरांचे रोजचे शर्ट. खिडकीपाशी बसली, सुईत दोरा ओवला, दोऱ्याला मेण लावलं. काजं सैल पडलीत, धुवून धुवून तोंडं पसरलीत, असं ती मनाशी म्हणत होती, आणि काजं तशी थोडी पसरलीही होती. पण सैल काज आवरायला एक टाका पुरतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने प्रत्येक काजाच्या टोकाला दोन जास्तीचे टाके घातले. वरून बघणाऱ्याला कळू नये असे, जुन्या टाक्यांच्या रांगेत चुपचाप जाऊन बसणारे. मग बटण घालून पाहिलं. तिच्या धडधाकट अंगठ्यालाही जोर करावा लागला. तिने शर्टांच्या घड्या केल्या आणि कपाटात ठेवल्या. संध्याकाळी तिचा स्वर इतका गोड होता की सुनेने विचारलं, आई, बरं आहे ना?

दुसऱ्या सकाळी बटण जाईना.

मास्तरांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. सून गोंधळली, कालच तर जमलं होतं म्हणाली. बटणाशी बोलून पाहिलं, पण आज कोणी हसलं नाही. मास्तरांनी डाव्या हाताने शर्टाची कड वर धरली, अंगठा काजावरून एकदा फिरवला, आणि कड सोडून दिली. मग खाली बघत बसून राहिले.

"मी म्हटलं नव्हतं?" मास्तरीण दारातून आत आली. "एवढा ताण झेपतो का त्या हाताला? सरक तू."

आणि तिने बटणं लावली. एकेक, खालून वर. बोटं दुखली, पण त्या दुखण्यातही गोडी होती.

असे कितीतरी दिवस गेले. सून खचत चालली. दवाखान्यातल्या बाईला विचारून आली. बाई म्हणाली, कधीकधी गाडी मागे जाते, पण सोडायचं नाही. सून स्टुलावर बसायची, पण आता गप्प. एकदा तिचे डोळे भरून आले ते मास्तरणीने पाहिलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण पुरतं नाही.

कारण मास्तर थांबत नव्हते. हेच तिला उमगत नव्हतं. आज काही होणार नाही हे माहीत असलेला माणूस रोज सकाळी पलंगाच्या कडेला येऊन बसतो, शर्ट अंगात घालतो आणि बटण धरतो, ते कशासाठी? एकदा सुनेनेच म्हटलं, बाबा, आठ दिवस विश्रांती घेऊ या, मग बघू. मास्तरीण कान देऊन होती. मास्तरांनी मान हलवली. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "रोज."

म्हणजे आता ते सुनेचं राहिलं नव्हतं. मास्तरणीला वाटलं होतं सून थकली की खेळ संपेल. पण चटक लावणारी थकली आणि चटक लागलेला अजून बसलेलाच. आता मत्सर तरी कोणाचा करायचा? एका सवयीचा?

एका दुपारी ती गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाचं काजबटणाचं गाठोडं पोचवून परत आली. सून कामावर गेलेली. दुकानाच्या खोलीत आवाज नाही म्हणून तिने डोकावलं, तर मास्तर मशीनपाशी, चादर न काढताच, आपल्या जुन्या खुर्चीत बसलेले. मांडीवर निळा शर्ट. उजव्या अंगठ्याने बटण काजात रेटत होते. अर्धं गेलं, अडकलं. त्यांनी मागे घेतलं, पुन्हा रेटलं. जणू कोणी बघत नसताना चोरून मिठाई खाणारं पोर.

ती परत फिरणार होती.

"शेवटचे दोन टाके नवे आहेत," मास्तर म्हणाले. मान वर केली नाही.

मास्तरणीच्या जिभेवर उत्तर नेहमी तयार असायचं. गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. शर्ट सैल पडले होते, एवढं आताही म्हणता आलं असतं. पण समोर मास्तर होते. तिचा टाका हजार टाक्यांतून ओळखणारा या जगात हा एकच माणूस होता. ज्याने कधी तोंडाने कौतुक केलं नाही, तोच.

"गिऱ्हाइकाला दिलं असतंस असं काज?" त्यांनी विचारलं. एकेक शब्द दगड उचलून ठेवावा तसा येत होता.

"नसतं दिलं."

"मग?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग जे बोलायचं नव्हतं तेच आधी बाहेर आलं. "तिच्यापुढे रोज हसता. मी वर्षभर तळहाताच्या फोडासारखं जपलं. माझ्यापुढे एकदा तरी हसलात?"

मास्तरांनी बटण सोडलं, ओठ हलवले. ती समजली, शब्द सापडत नाहीये. तिला सवय झाली होती त्यांचा शब्द पूर्ण करायची. घास, पाणी, औषध, ते अर्धं बोलले की ती पूर्ण करायची. पण आज त्यांना काय म्हणायचंय हे तिला कळेना, म्हणून तिला थांबावंच लागलं.

"तू बटणं लावतेस," मास्तर म्हणाले, "तेव्हा मी दुकानातला पुतळा असतो."

दुकानाच्या कोपऱ्यात खरोखरीच एक पुतळा होता. बिनडोक्याचा, लाकडी पायावर उभा, शिवलेला शर्ट लोकांना दिसावा म्हणून. त्याची बटणं आजवर तिनेच लावली होती. त्याने कधी कुरकुर केली नव्हती. तिने त्या पुतळ्याकडे बघायचं टाळलं.

मग ती उठली. मास्तरांच्या टेबलावरून छोटी कात्री घेतली आणि शर्टासाठी हात पुढे केला. ते टाके काढायला तिला डोळा मिटून उघडण्याइतका वेळ लागला असता. मास्तरांनी शर्ट डाव्या हाताने छातीशी ओढून घेतला.

"राहू दे. घट्टच बरं. बोटं शिकतात."

"आणि तिला काय सांगणार?"

मास्तरांनी भुवई उडवली. सांगण्यासारखं काय आहे, अशी. आणि पुन्हा बटण रेटायला लागले. मास्तरीण कात्री हातात घेऊन उभीच राहिली. तिला वाटत होतं, हा माणूस चिडला असता, सुनेपुढे चार शब्द बोलला असता, तर बरं झालं असतं. भांडण तिला निभावता आलं असतं.

ती सुनेला काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सुनेचं दूध उतू गेलं तेव्हा मास्तरणीने शेगडी पुसून घेतली आणि टोमणा मारला नाही. सून दिवसभर घाबरलेली होती.

पुढे सुनेच्या आईचं पाय घसरून हाड मोडलं आणि तिला माहेरी जावं लागलं. जाताना पिशवी खांद्याला लावून ती चार चार वेळा बजावत होती. रोज सकाळी, चहाच्या आधी. कितीही वेळ लागो. "आणि आई, हात..." एवढं म्हणून ती सासूच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"कळतं मला," मास्तरीण म्हणाली. "मी काही कुक्कुलं बाळ नाही."

पहिल्या सकाळी ती चहा झाकून स्टुलावर येऊन बसली. मास्तरांनी निळा शर्ट चढवला. सून बटणाशी बोलायची, हिला तसलं काही येईना. बोलायला गेली असती तर रागावल्यासारखंच निघालं असतं. ती नुसती बसली. स्टुलावर बसून बघणं हे दारात उभं राहून बघण्यापेक्षा किती अवघड आहे हे तिला तिथे बसल्यावर कळलं. पहिलं बटण निसटलं तेव्हा तिच्या स्वतःच्या बोटांनी हवेत चिमूट धरली. दुसऱ्यांदा निसटलं तेव्हा तिने दात आवळले. ही झोपाळू पोर रोज हे कसं करत होती? हसत कसं करत होती? पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की सुनेला ते सोपं जात नसणार, आणि हा विचार तिला अजिबात आवडला नाही.

पहिलं बटण गेलं. घट्ट काजातून, थोडं वाकडं होऊन, पण गेलं. मग दुसरं. मास्तरांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती, तरुणपणी कापडावर पहिली कात्री घालताना यायची तशी. तिने ती जीभ कितीतरी वर्षांनी पाहिली. एकेक करत सगळी बटणं लागली आणि मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

एक काज चुकलं होतं. वरून दुसरंच बटण एक घर खाली गेलं होतं आणि पुढची सगळी फौज त्याच्यामागून. कॉलर वाकडी, शर्टाची एक बाजू खाली, वर छातीवर कापडाचा फुगा आलेला. मास्तर उठले. काठी घेतली. मान रस्त्याच्या दिशेने हलवली. बाहेर जायचं होतं त्यांना. आजारपणापासून ते दाराच्या पायरीपलीकडे गेले नव्हते.

ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शर्टाची रेघ तिरकी जाऊ दिली नाही, तो माणूस असा. मास्तरणीचा हात उठला. फुगा दाबायचा, तीन-चार बटणं सोडायची, लावायची, कोणाला कळलंही नसतं. मास्तर तिच्याकडे बघत होते. नको म्हणत नव्हते. नुसते बघत होते.

तिने तो हात नेऊन चहाच्या कपावरची बशी उचलली. "आधी चहा घ्या," म्हणाली. "गार झाला तरी घ्या. नियम आता तुमचाच आहे."

चहा घेऊन ते निघाले. समोर इस्त्रीवाली कोळशाला वारा घालत होती. मास्तरांना रस्त्यात पाहून तिचा पंखा थांबला. तोंडभर हसत ती पुढे आली, आणि मग तिची नजर शर्टावर गेली.

"अहो मास्तर, बटण चुकलंय की. मास्तरीणबाई, तुमचं लक्ष कुठंय?"

"चुकलं तर चुकलं," मास्तरीण म्हणाली. "त्यांनी लावलंय."

इस्त्रीवाली परत कोळशाकडे वळली. दुकानांच्या पायऱ्यांवरून आणखी दोघातिघांनी पाहिलं. मास्तरणीने प्रत्येकाकडे असं बघितलं की ज्याला त्याला एकदम आपलं काम आठवलं. एरवी ती मास्तरांचं कोपर धरायची. आज ती अर्धं पाऊल मागे राहिली.

सून परत आल्यावर तिला हे आजचं सांगायचं की नाही, ते मास्तरणीचं ठरत नव्हतं. सांगितलं तर सून नाचेल, दवाखान्यातल्या बाईला कळवेल, सगळ्यात पुन्हा तिचाच वाटा मोठा होईल. बघू, सावकाश सांगू. ही एक सकाळ तरी सुनेने पाहिलेली नव्हती.

मास्तर काठी टेकत पुढे चालले होते, एक पाऊल धड, एक फरफटत. शर्टाची खाली आलेली बाजू वाऱ्याने हलत होती. मास्तरीण त्या बाजूकडे बघत बघत मागून चालत राहिली, दोन्ही मुठी पदरात गुंडाळून.